जालिंदररावांनी लावलेली झाडं

आमच्या गावचे नगराध्यक्ष जालिंदरराव दर पर्यावरणदिनी हार घालून घेत आणि बागेत एक रोप लावत. खड्डा दर वर्षी तोच असे, कारण आधीचं रोप पाण्यावाचून वाळून गेलेलं असे.

त्याच बागेत तीन जुनी जांभळं होती. त्यांच्या सावलीत सुमेधाताई मुलांना चित्रं, नाटक, गाणी शिकवीत. झाड समोर बघूनच काढायचं, मनातलं नाही, हा त्यांचा नियम. जालिंदररावांनी भाषणांच्या स्टेजसाठी नेमकी ती जांभळंच तोडायला काढली.

ताई विनवायला गेल्या, तर म्हणाले, "बाई, तीन झाडांसाठी रडताय? मी इतकी लावली, त्यांचं चित्र काढा की! पर्यावरणदिनी दाखवा, मग बघू."

त्या दिवशी जालिंदररावांनी ऐटीत मुलांच्या चित्रावरचा पडदा ओढला. चित्रात नुसता खड्डा होता. लोक हसू लागले.

"माझी झाडं कुठायत?" ते माइकवरच ओरडले.

"मुलं समोरचं बघून काढतात, साहेब. तुम्ही झाड दाखवा, ती आत्ता काढतील."

जालिंदररावांनी चहूकडे पाहिलं. बागेत दुसरं झाडच नव्हतं. शेवटी त्यांनी जांभळांकडे बोट केलं. "ही काय! मीच लावलीत."

"मग स्वतःच्या हातानं लावलेली झाडं आता तोडणार कशी, साहेब?"

जांभळं अजून उभी आहेत. त्यांच्यावर जालिंदररावांच्या नावाची पाटी आहे. शाळेत असताना ते त्यातल्याच एका झाडावरून पडले होते, हे आम्हा म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. पण झाडं वाचली, म्हणून आम्ही कुणी बोलत नाही.