सशीण शेवटी जेवायची

माळाच्या कडेला, करवंदीच्या जाळीत सशांचं एक घर नांदत होतं. म्हातारी आजी, तिचा लेक, सून आणि अंगावर पिणारं एक पिल्लू. घर मायेचं होतं, पण रीत वाईट होती. चारा आला की आधी ससा खाणार, मग आजी, आणि सून शेवटी. म्हणजे काय, पोरांनो? कोवळा पाला वरच्यावर संपायचा आणि तिच्यापुढं देठं उरायची. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "मला भूक नाही." साफ खोटं! पिल्लू अंगावर पीत असताना भूक लागत नाही, असं कधी होतं का?

पिल्लू वाळत चाललं. अंगापेक्षा कानच मोठे दिसू लागले. आजीचा जीव तुटायचा. तिनं दृष्ट काढली, हरभऱ्याचा शेंडा चावून त्याच्या तोंडाशी धरला. पिल्लानं तोंड फिरवलं. मग तिनं शेजारच्या साळूला बोलावलं. साळूची जीभ तिच्या काट्यांसारखीच, पण मनानं गोड.

"बघ गं, माझ्या नातवाला काय झालंय?"

साळू पिल्लाकडं नाही, सुनेच्या बरगड्यांकडं बघत राहिली. "त्याला काय धाड भरलीय? त्याला दूध पुरत नाही. हिला कोण जेवू घालतं?"

"आमच्यात आई शेवटी जेवते," आजी ठसक्यात म्हणाली.

"मग दूधही शेवटीच येणार. तोवर थांबतोस का, विचार नातवाला!"

संध्याकाळी ससा हरभऱ्याचा पाला घेऊन आला आणि सवयीनं आधी तोंड घालू लागला, तसा आजीनं त्याच्या पाठीत पंजा हाणला. "मागं हो, वाघोबा!" कोवळे शेंडे तिनं सुनेपुढं ढकलले.

"मला भूक नाही, आत्याबाई."

"माझ्या सासूला मीही हेच सांगायची. गप खा!"

सून मान खाली घालून खाऊ लागली, ती थांबेचना. ससा देठं चावत कुरकुरला, "फार चिवट आहेत गं, आई."

"आज कळलं होय?"

आता रोज सून आधी जेवू लागली. हळूहळू दूध वाढलं. पिल्लू ढुशा देऊन पिऊ लागलं. एका सकाळी त्यानं आजीच्या नाकावर अशी लाथ हाणली की म्हातारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मेल्या, आलं का बळ!" म्हणत तिनं त्याचा मुका घेतला.

तात्पर्य : आईला उरलंसुरलं वाढाल, तर बाळाच्या वाट्याला तेवढंही उरणार नाही. आधी आईला जेवू घाला.