ठकूचं मुसळ

फार फार वर्षांमागची गोष्ट. घाटाखालच्या कुडपेवाडीत धाकूआबा सुतार राहायचा. नांगर असो की पाळण्याची दांडी, शंभर वर्षांचं जुनं लाकूड तो नुसतं बघून ओळखायचा. कधी चुकायचा नाही, असं म्हणतात. आणि खरं सांगू, त्याला त्याचा तोराही होता.

गावात ठकू नावाची विधवा होती. तिच्याकडे सासऱ्याच्या आज्याचं मुसळ होतं, पिढ्यान्‌पिढ्या हाताळून काळंभोर झालेलं. कुणीतरी कुजबुजलं, हे देवराईतल्या शिसवीचं दिसतंय. झालं! देवराईत कुऱ्हाड घालणाऱ्या घराला गाव वाळीत टाकायचं, मग झाड आज तोडलेलं असो की आज्याने. गावकीने मुसळ धाकूआबापुढे धरलं. आबा विडा लावत बसला होता. "शिसव. त्यात काय बघायचंय?" तो म्हणाला.

"आबा, एकदा हातात तरी घ्या हो," ठकू काकुळतीला आली. त्याने घेतलं नाही. मुसळ सुताराच्या पडवीत पडलं आणि ती बाई दोन शेळ्या घेऊन वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर राहायला गेली.

वर्षभराने मुसळाच्या टोकाचं लोखंडी कडं दुसऱ्या कामाला हवं म्हणून आबाने ते ठोकून काढलं. कड्याखाली कुणाचा हात कधी पोचला नव्हता. तिथलं लाकूड लालबुंद! त्याने ढलपी काढून जिभेवर ठेवली, तर तोंडात कात उतरला, विड्यातला असतो तोच. अरे देवा, हा तर खैर! खैर तर ठकूच्या स्वतःच्या बांधावर उभे होते. आबा लहान पोरासारखा रडला. त्याची आसवं ढलप्यांवर पडली आणि गावचा ओढा तीन दिवस लाल वाहिला, असं म्हणतात.

मुसळ खांद्यावर घेऊन तो सडा चढला. "चुकलो गं माये. घरी चल."

ठकूने मुसळ घेतलं, पदराने पुसलं. "तेव्हा नुसतं हातात घेतलं असतंत तर, आबा?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. आबा मरेपर्यंत दरवर्षी जत्रेला तिला बोलवायला जायचा. ती आली नाही.

आता ठकू नाही, आबा नाही, सड्यावरचं खोपटंही नाही. पण कुडपेवाडीत आजही जुन्या अवजाराचं लाकूड कुणी बघून सांगत नाही. सुतार झाकलेला भाग खरवडतो, जिभेला लावतो, मगच तोंड उघडतो. आणि जत्रेच्या जेवणाला पानं वाढली, की सुतारांच्या घरचा एकजण सड्याकडे तोंड करून हाक घालतो, "ठकूबाय, जेवायला चल गं!"

वरून उत्तर येत नाही. तरी अख्खी पंगत हात आवरून तिची वाट बघत बसते.