येसूच्या नावाचे घाव

कडेवाडीत आता घरोघर गॅस आहे. तरी रोज सकाळी कड्यावर कुऱ्हाड वाजते. पाहुणे विचारतात, एवढे सरपण कुणाला लागते? लागत कुणालाच नाही.

कड्याच्या टोकाशी ऐनाचा ओंडका दिसतो, त्याच्यावर लाकूड ठेवून फोडायचे. ओंडका जुना नाही. झिजला की बदलतात. जागा मात्र तीच. पुढे जमीन संपते. खाली दरी, दरीत नदी, आणि समोर धूर दिसतो ते गोठणे गाव. नुसते पाहिले तर हात लांबवून शिवावे इतके जवळ वाटते. चालत जायचे तर दरी उतरा, नदी ओलांडा, पलीकडचा डोंगर चढा. पहाटे निघालेला माणूस दुपार कलल्यावर पोहोचतो.

ओंडक्याशेजारची रास गावाची आहे. तिला नियम आहेत. लाकूड वाळलेलेच आणायचे, ओल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. ज्याने फोडले त्याने ते आपल्या चुलीत घालायचे नाही. विकायचे नाही. गावातली तरणी मुले दंड पिळदार व्हावेत म्हणून फोडतात, म्हातारे सांधे मोकळे राहावेत म्हणून, आणि तुमच्यासारखे पाहुणे हौस म्हणून. कुणालाही ना नाही. कुऱ्हाड तिथेच असते. काम झाले की पाते पुसून ठेवावे.

शेवटचा नियम सगळ्यात मोठा. कड्यावरून घाव ऐकू आले की गावातल्या कुणीतरी उठून बघून यायचे. जेवत असला तरी हात धुऊन जायचे. कोण असेल ते घरात बसून ठरवायचे नाही.

का, ते सांगतो. मला माझ्या आज्याने सांगितले, त्याला त्याच्या आज्याने.

कडेवाडीत ठकूजी नावाचा माणूस होता. किती वर्षांपूर्वी ते कुणी सांगू शकत नाही. नदीवर पूल नव्हता, एवढे नक्की. त्याचे भात चांगले पिके. दावणीला बैल होते, कामाला गडी होते. लाकूड फोडायची त्याला काही गरज नव्हती. पण त्याला नाद होता. उजाडताच रानात जाई, वाळून पडलेले खोड खांद्यावर घालून आणी आणि अंगणात फोडत बसे. घाम निथळला की मग न्याहारी. लाकडावर बोट वाजवून ते कुठे फुटेल हे आधी सांगे, आणि तिथेच फुटे. लोक हसत.

"ठकूजी, गडी काय देव्हाऱ्यात बसवलेत का?"

तो म्हणे, "तुम्ही सोंगट्या खेळता, मी लाकूड फोडतो. घरी जाताना माझ्या हातात काहीतरी असतं."

त्याची बायको लवकर गेली. मूल एकच, मुलगी. तिचे नाव येसू. तिला त्याने आखूड दांड्याची कुऱ्हाड करून दिली आणि आपल्यासारखा घाव घालायला शिकवले. दोन हलके घाव, मग थोडा दम, मग एक भारी. "हलक्यानं लाकडाला विचारायचं," असे तो सांगे, "आणि भारी घावानं घ्यायचं." विहिरीवर बायका बोलत, "पोरीला भाकरी थापायला शिकवायची, तर हा कुऱ्हाड शिकवतोय. सासरी काय दार फोडायला जाणार आहे?" पण सकाळी बापलेक समोरासमोर उभे राहून फोडू लागले की त्याच बायका घागरी खाली ठेवून ऐकत. दोघांचा घाव एकसारखा. डोळे मिटले तर कोणता कुणाचा ते कळत नसे म्हणे.

येसूला गोठण्यात दिली. मुलगा चांगला होता. सासरा खंडूजी मानी होता, आणि तेवढाच मानी ठकूजी. लग्नाच्या जेवणाचे सगळे लाकूड ठकूजीने स्वतः फोडले. कुणालाही हात लावू दिला नाही. मुलीच्या लग्नाचा जाळ आपल्या हातचा असावा, एवढीच त्याची इच्छा. पंगतीत खंडूजीच्या कानावर ते आले. तो हसत म्हणाला, "व्याही, लाकूड तुम्हीच तोडलंत म्हणे. गडी परवडत नव्हता, तर आम्हाला निरोप धाडायचा."

पंगत हसली. चेष्टाच होती. लग्नात होते तशी. पण ठकूजी वाढता वाढता थांबला. हातातले भांडे त्याने खाली ठेवले.

"मला हात आहेत म्हणून तोडलं. तुमचे हात कशाला आहेत ते बघायला मी तुमच्या घरी यायचा नाही. ह्या कुऱ्हाडीची शपथ, तुमच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही."

खंडूजीचे हसू गेले. "नका लावू. पण आमच्या घरची सून मुराळ्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकत नाही. हेही ऐकून ठेवा."

मुराळी म्हणजे मुलीला माहेरी न्यायला येतो तो माणूस. बाप येतो, नाहीतर भाऊ. येसूला भाऊ नव्हता. म्हणजे दोन माणसांनी दोन वाक्ये बोलून तिची वाट बंद केली. येसू मांडवात बसून ऐकत होती. तिला कुणी काही विचारले नाही.

पहिली दिवाळी आली. ठकूजीने शेजारच्या भिकूला मुराळी म्हणून धाडले. खंडूजीने भिकूला पोटभर जेवू घातले आणि विचारले, "बाप जिवंत आहे ना तिचा? मग बापानं यावं." भिकू एकटा परतला. ठकूजीने ते ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याने अंगणातला ओंडका उचलून कड्याच्या टोकाला नेला. तिथून गोठणे दिसते म्हणून.

त्या सकाळी वारा पडला होता. ठकूजी फोडत होता आणि मध्येच थांबला. पलीकडून आवाज येत होता. दोन हलके, थोडा दम, एक भारी. गोठण्यात तसा घाव घालणारे दुसरे कोण असणार? सासूच्या चुलीसाठी येसू परसात लाकूड फोडत होती. ठकूजीने कुऱ्हाड उचलली आणि तसाच जबाब दिला. पलीकडचा आवाज थांबला. मग पुन्हा आला, पहिल्यापेक्षा जोरात.

त्या दिवसापासून ते रोजचे झाले. पावसाचे महिने सोडले तर रोज सकाळी बाप इकडून, लेक तिकडून. ओल्या लाकडाचा आवाज दरी ओलांडत नाही, म्हणून ठकूजी कडक वाळलेले खोड शोधून आणी. त्यासाठी लांबच्या रानात जाई. रास वाढत गेली. घरात एवढे जळणार कुठे? मग ज्याला पाहिजे तो नेऊ लागला. कुणी म्हणे म्हातारा अंग कमावतोय, कुणी म्हणे डोके फिरले. भिकू तेवढा एकदा बोलला, "आबा, एवढी लाकडं फोडण्यापेक्षा एक शपथ फोडा की."

"तुला काय कळतं," ठकूजी म्हणाला. पण त्या दिवशी त्याचा भारी घाव चुकला आणि कुऱ्हाड ओंडक्यात रुतून बसली.

अशी बरीच वर्षे गेली. येसूला मुले झाली. आजोबाला ती कुऱ्हाडीच्या आवाजाने ओळखत म्हणे.

एका पावसाळ्यात ठकूजी अंथरुणाला लागला. पाऊस सरला, वारा कोरडा झाला, पण त्याला उठवेना. त्याने भिकूला कड्यावर धाडले. घाव कसा घालायचा ते पडल्यापडल्या शिकवले.

भिकू म्हणाला, "आबा, लाकूड फोडायचंय का ढोलकी वाजवायचीय?"

"विचारून घे. मग घाल."

भिकूने प्रयत्न केला. पण हात ज्याचा त्याचा. त्याचे तिन्ही घाव भारीच पडत. तरी पलीकडून जबाब आला. ठकूजीने आत ऐकला आणि समाधानाने कूस बदलली.

पलीकडे येसूने मात्र पहिल्याच सकाळी ओळखले. हा आबांचा हात नाही. काही दिवस ती जबाब देत राहिली, आज ना उद्या खरा हात येईल म्हणून. आला नाही. मग एका पहाटे तिने दोर आणि कुऱ्हाड घेतली आणि सासूला सांगितले, लाकडाला जाते. लाकडाला जाणाऱ्या बाईला कोण अडवतो? "लांब जाऊ नको," एवढेच सासू म्हणाली.

येसू दरी उतरली. लाकडाला जाते म्हणून सांगितले होते, आणि खोटे बोलायची तिला सवय नव्हती. म्हणून वाटेत वाळलेली लाकडे वेचली, मोळी बांधली, डोक्यावर घेतली. मोळीसकट नदी ओलांडली. मोळीसकट आपल्या गावचा डोंगर चढली. कड्यावर आली तेव्हा दुपार कलली होती. समोर बापाचा ओंडका होता. उताराखाली बापाचे घर दिसत होते.

ती तिथेच थांबली. मुराळ्याशिवाय आलेली मुलगी माहेरच्या घरात शिरली तर बापाला कमीपणा, ही त्या वेळची रीत. आणि वर्षानुवर्षे तिने एक विचार करून ठेवला होता. बापाने शपथ घेतली होती ती खंडूजीच्या उंबऱ्याची. स्वतःच्या घरापासून कड्यापर्यंत यायला ती शपथ आड येत नव्हती. बापाने कड्यावर यावे आणि तिला हाताला धरून घरी न्यावे. म्हणजे मुराळी झाला. दोघांचाही शब्द राहिला. इतकी साधी वाट दोन शहाण्या माणसांना सुचली नव्हती.

तिने मोळी उतरवली, एक लाकूड ओंडक्यावर ठेवले आणि घाव घातले. दोन हलके, थोडा दम, एक भारी.

घरात भिकू ठकूजीला पेज भरवत होता.

"आज दुपारची कशी लागली पोर?" भिकू म्हणाला.

"सवड मिळाली असेल. सासुरवास आहे," ठकूजी म्हणाला. मग म्हणाला, "किती जवळून येतंय रे आज."

"वारा तिकडचा असेल."

त्या दिवशी वारा नव्हता. झाडाचे पान हलत नव्हते, असे सांगतात.

भिकू उठला. "जबाब देऊन येतो."

ठकूजीने त्याचा हात धरला. "बस. तू गेलास की तुझी धडधड ऐकावी लागेल. जरा हिचं ऐकू दे."

भिकू बसला. कड्यावर येसू घाव घालत होती, थांबत होती, उताराकडे बघत होती. कुणी येत नव्हते. पुन्हा घाव घालत होती. आत बाप डोळे मिटून ऐकत होता. दोघांच्या मध्ये फक्त एक उतार होता.

मोळीतले लाकूड अर्धे फोडून झाले. मग आवाज बंद झाला. "जा आता," ठकूजी म्हणाला, "तिला वाटायचं, आपण ऐकलंच नाही."

भिकू कुऱ्हाड घेऊन वर गेला. उरलेल्या मोळीवर येसू बसली होती. भिकूच्या हातून कुऱ्हाड गळाली.

"भिकूदादा," ती म्हणाली, "आबांना सांग, मी कड्यावर आहे. त्यांनी इथवरच यायचंय. का अजून रागच आहे?"

भिकूने तिथूनच खाली तोंड करून हाक मारली, "आबा! येसू आलीय हो! इथं आलीय!" आणि तिला घेऊन तो धावत उतरला.

ठकूजी दारात होता. डोक्याला पागोटे बांधलेले, खांद्यावर धुतलेले उपरणे, मुराळी निघतो तसा. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. चौकटीला टेकून बसला होता. अंगात ऊब होती. जीव नव्हता.

कुणी म्हणतात, भिकूची हाक ऐकून तो उठला. कुणी म्हणतात, आवाज बंद झाल्यावर त्याला आपोआप कळले होते, लेक पलीकडे नाही. मी एवढेच सांगतो, पागोटे बांधायला वेळ लागतो. आजारी माणसाला जास्त.

येसूने आणलेले लाकूड, फोडलेले आणि न फोडलेले, त्याच्या चितेवर गेले. दुसरे लाकूड आधी लावू दिले नाही तिने. तिसऱ्या दिवशी खंडूजी आला. ठकूजीच्या उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभा राहिला. आत गेला नाही. परतताना भिकूला म्हणाला, "सुनेला यायचं असेल तेव्हा येऊ दे."  

येसू पुढे दरवर्षी आली. कड्यावर थांबून घाव घाली, आणि भिकू तिला न्यायला येई. भिकू थकल्यावर त्याचा मुलगा.

आजही ह्या गावच्या मुलीला मुराळी लागत नाही. ती आधी कड्यावर जाते, घाव घालते, आणि घरचे माणूस वर जाऊन तिला आणते. आजही सकाळी कुणीतरी पहिला घाव घालतो, म्हणजे पलीकडे जी कुणी असेल तिला कळावे की इकडे माणूस आहे. आजही कुणाच्या घरी माती झाली तर पहिले लाकूड ह्या राशीतले जाते.

माझी थोरली मुलगी सुरतेला असते. फोन आहे. गाडी घराच्या दारापर्यंत येते. तरी ती कड्याशी उतरते. मागची दोन वर्षे तिला सुट्टी मिळाली नाही.

आता ऐका. कुणीतरी फोडते आहे. तुमच्यातलाच कुणी हौशी असेल. घाव ओळखता येतो मला, हा शिकाऊ हात आहे. तरी मी जाऊन येतो.

तुम्ही बसा. ते खुंटीवरचे पागोटे तेवढे इकडे द्या.