काचघराची सावली

“माणूस निघून गेल्यावर त्याच्या रोपांना पाणी कोणी घालायचं?”

एकदा एका तरुणाने हा प्रश्न नदीकाठी, बहिणीच्या दहाव्याला जमलेल्या मंडळींना विचारला. भटजींनी मान खाली घातली. मामाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग पिंडाकडे कावळा येतो का, हे पाहायला सगळे तिकडे वळले.

तरुणाचे नाव भैरू. तिसरीतच शाळा सुटलेली, आणि डोक्यात काही आले की विचाराच्या आधी हात चालू लागायचे, असा स्वभाव. गेलेली बहीण चंपा, त्याची अक्का. डोंगरावरच्या त्या थंड गावात ओढ्याकाठची पडीक जमीन तुकडे पाडून भाजीपाल्यासाठी घरोघर वाटून दिलेली होती. त्यातला एक तुकडा या भावंडांचा. दोघांना मातीचे काम शिकवले ते तात्यांनी. वृद्ध, मितभाषी, आणि जरासे खट्याळ असे हे तात्या. सारा मळा त्यांना गुरुस्थानी मानी.

आपल्या तुकड्यावर एक काचघर असावे, ही अक्काची फार दिवसांची इच्छा होती. डोंगरावरच्या थंडीत कोवळी रोपे काळी पडत. काचेआड ती जगली असती. पाडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या ती एकेक करून जमवत राहिली. खिडक्या पुरेशा झाल्या आणि साध्या तापाचे निमित्त होऊन ती गेली. मागे उरली डालड्याच्या डब्यांत तिने पेरलेली मिरचीची आणि वांग्याची रोपे.

थंडी तोंडावर आली होती. भैरू कोणाला विचारत बसला नाही. तुकड्याच्या उत्तरेला, बांधालगत एक उंचवटा होता. कामातून दमली की अक्का तिथल्या दगडावर बसायची. दिवसभर ऊन असलेली ती जागा. खाली पत्रे, वर खिडक्या, असे काचघर त्याने तिथेच उभे केले. रोपे आत नेली, दाराला कुलूप लावले आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. रोपे तरारली. शेजारी येऊन पाहून गेले, छान झाले म्हणाले, आणि त्याच्याकडे न बघता आपापल्या वाफ्याकडे परतले. हल्ली हे असेच व्हायचे. भैरू मळ्यात आला की हसणारे गप्प होत.

पंधरवड्याने तात्या लेकीच्या गावाहून परतले. भैरू मोठ्या उमेदीने त्यांना घेऊन गेला. तात्यांनी काचघराला एक फेरी मारली. मग बांध ओलांडून ते शेजारच्या हौसामावशीच्या मेथीच्या वाफ्यापाशी गेले, काचघराच्या सावलीत घोंगडी अंथरली आणि भाकरीचे फडके सोडून जेवायला बसले.

मार्गशीर्षातली दुपार. सारा मळा ऊन अंगावर घेत बसलेला, आणि हा म्हातारा सावलीत कुडकुडत भाकरी मोडतो आहे. सावली सरकली तसे तात्याही घोंगडी ओढत तिच्यामागून सरकले. बघता बघता माणसे जमली. तात्यांना उन्हाचे वावडे कधीपासून झाले, असे कोणी विचारले. लेकीने फार लाड केले, आता शेकोटीही हाताशी आणून द्यावी लागणार, असे दुसरा म्हणाला. पदराआडून हसू फुटले, आणि भैरूकडे लक्ष जाताच विझले.

भैरूच्या कानशिलांपर्यंत राग चढला. “तात्या, माझी थट्टा करायची असंल तर तोंडावर करा. उन्हात या.”

“थट्टा कशाची? तुझं काचघर बघतोय.”

“ते हिकडं हाय.”

“त्याची एक बाजू तिकडं, एक हिकडं. तू तिकडची बघितलीस. ये, बस जरा.”

भैरू धुसफुसत घोंगडीवर टेकला. खालची माती अजून ओली होती; दुपार झाली तरी दव उडाले नव्हते. मेथी पिवळी पडून लोळली होती. पलीकडे अर्धा वाफा मोकळाच होता. त्यातली कोथिंबीर आणि लसूण मावशीने मातीसकट उचलून लांबच्या कोपऱ्यात नेऊन लावली होती.

“मावशी, हे कधी केलंस? मला बोलली का न्हाईस?”

हौसामावशी खुरपे पुसत राहिली. “तुझ्याम्होरं काय बोलायचं, बाबा. मेथीचं काय, परत येती.”

गोष्ट तेवढ्यावरच थांबली असती. पण मागून तिची जाऊ बोलली. मावशीची लेक बाळंतपणाला आली होती. नातीचे बारसे परवाच झाले, तेही दार लोटून. पाळणा म्हटला नाही, घुगऱ्या वाटल्या नाहीत. का, तर भैरूच्या कानावर गाणे जाऊ नये म्हणून.

भैरूने मान वळवून काचघराकडे पाहिले. तो हट्टाने म्हणाला, “पण अक्काची जागा हाय ती. ती तिथंच बसायची.”

“का बसायची ठावं हाय का?” मावशी पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलली. “मी हिकडं खुरपायची, ती तिकडनं बोलायची. तुझ्याच चुगल्या सांगायची. आज भैरूनं मुळ्याच्या जागी गाजरं पेरली म्हणून. हसून हसून दगडावरनं पडायची बया. आता तिथं पत्रा आला.”

कोणीतरी खुदकन हसले. या वेळी ते हसू विझले नाही, कारण स्वतः भैरूच हसत होता, आणि त्याचे डोळे गळत होते.

तात्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि शांतपणे म्हणाले, “पोरा, काचघर उभं करताना ऊन कुठं मिळतंय हे समदे बघत्यात. सावली कुठं पडती, ते बघून जागा धरावी. तुझं दुःख लहान न्हाई. त्याला भिंती लागणार, छप्पर लागणार, आणि जे उभं राहतं त्याची सावली पडणारच. ती आपल्या वाफ्यावर घे. सावलीत पुदिना बेस येतो. आणि दार मात्र शेजाऱ्यांकडं ठेव.”

भैरू उठला. या वेळी मात्र तो चटकन कामाला लागला नाही. सूर्य कलेपर्यंत आपल्या तुकड्याभोवती फिरला, काठी उभी धरून तिची सावली पाहत राहिला. दक्षिणेच्या कडेला काचघर आले, तर आतल्या रोपांना ऊन तेवढेच मिळत होते, आणि सावली त्याच्याच जमिनीवर संपत होती.

दुसऱ्या दिवशी काचघर हलवायला अख्खा मळा आला. रोपांचे डबे बायकांनी पदराखाली घेतले, जणू तान्ही लेकरेच. पुरुषांनी खिडक्या उचलल्या. एकाने खिडकी उलटी धरून त्यातून तोंड काढले, तर भैरूच सगळ्यांत मोठ्याने हसला. दुपारी त्यानेच मावशीच्या लेकीला हाक मारली आणि पाळणा राहिलाय तो इथेच म्हणा, असे सांगितले. आंब्याच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली गेली. गाणे सुरू झाले. ओंजळी ओंजळीने घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि तात्यांनी दोनदा मागून घेतल्या.

संध्याकाळी उंचवट्यावरचा दगड पुन्हा मोकळा दिसू लागला. बांधापलीकडून मावशीने तो पाहिला आणि खुरपायला बसण्याआधी सवयीने तिकडे तोंड केले.

शोकाला जागा द्यावी. मात्र ती जागा सावली मोजून निवडावी.

सगळे पांगल्यावर भैरूने अक्काच्या डब्यांना पाणी घातले. मिरचीच्या एका रोपावर पांढरी कळी धरली होती. ती त्याने बोट न लावता पाहिली. मग बाहेर येऊन दार नुसते लोटले, गळ्यातली किल्ली काढून कुलपाला अडकवली, आणि कुलूप खिशात टाकून तो पाळण्याचे गाणे गुणगुणत घराकडे निघाला.