भागूचा पोर्टफोलिओ आणि राजाचं बोट

उंबरगडच्या विद्यापीठात त्या वर्षी एकही विद्यार्थी पास होईना. होणार कसा? परीक्षक होता खुद्द राजा शूरपाळ!

राजाने लेखी परीक्षा मोडीत काढली होती. त्याऐवजी प्रत्येकाने डिजिटल पोर्टफोलिओ करायचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून जे जे शिकलो त्याचे फोटो, व्हिडिओ टॅबमध्ये साठवायचे आणि ते बघून राजा गुण देणार. कल्पना झकास होती हो, पण राजा पडला हट्टी. पहिलं पान उघडलं की म्हणे, "ही तर चुकांची जत्रा. नापास." शेवटचं पान चांगलं निघालं की म्हणे, "इतकं चांगलं तुला कसं येईल? नक्कल केलीस. नापास." चित्रकलावाले गेले, गाणारे गेले. पाकशास्त्राचा एक बिचारा तर स्वतःचेच करपलेले अनारसे खात, रडत घरी गेला.

राजाला समजावणार कोण? प्रधानजी? राजाने जांभई दिली तरी हे चुटक्या वाजवणार!

उरली एकटी भागू, बुरुडाची लेक. दुसऱ्याला शिकवायचं कसं, हे ती शिकत होती. राजाला टॅब चालवायला शिकवण्याचं लोढणंही विद्यापीठाने तिच्याच गळ्यात अडकवलं होतं. पदवी मिळाली तर गावच्या शाळेत तिची नेमणूक पक्की होती. नाही मिळाली तर ती जागा प्रधानजींच्या भाच्याला, आणि त्या दिवट्याला बाराचा पाढा म्हणताना घाम फुटे. तरी दरबारात भागू ताठ उभी राहिली.

"काय गं, तुझ्या पोर्टफोलिओत चुका आहेत?" राजाने विचारलं.

"आहेत ना महाराज. पहिलं पान बघून कपाळाला हात लावाल."

"मग नापास. आणि शेवटचं पान?"

"ते अगदी बिनचूक."

"म्हणजे नक्कल. दोनदा नापास!"

प्रधानजींनी तेवढ्यात भाच्याला पेढे आणायला पिटाळलंसुद्धा.

"बघून तरी नापास करा, महाराज," भागू म्हणाली आणि तिने पहिलं पान भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं.

पडद्यावर एक भारदस्त गृहस्थ टॅब उलटा धरून बसले होते. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि पोथीचं पान उलटावं तसं काचेवर फिरवलं. काच ओली झाली, पान काही हलेना. मग ते टॅबवरच खेकसले, "उलट म्हणतो ना! आमची आज्ञा आहे!"

गृहस्थांच्या डोक्यावर मुकुट होता.

"हे... हे तर आम्ही," राजा पुटपुटला.

"होय महाराज. रोजचं सगळं टिपून ठेवा, असा तुमचाच हुकूम होता. बुरुडाचं काम टोपलीत दिसतं, शिकवणाऱ्याचं शिकणाऱ्यात. माझी टोपली म्हणजे तुम्ही!"

तिने शेवटचं पान लावलं. तेच गृहस्थ आता कोरड्या बोटाने झरझर पानं सरकवत होते. एवढंच काय, प्रधानजींच्या टकलाचा फोटो काढून त्यावर त्यांनी मोराचा तुराही चिकटवला होता.

"आता न्याय करा, महाराज. चुकांसाठी नापास करायचं तर त्या चुका कोणाच्या? आणि नक्कल म्हणायचं तर नक्कल केली कोणी? नाव सांगा, मी लिहून घेते."

राजाने प्रधानजींकडे पाहिलं. प्रधानजी छताकडे बघत होते. राजाच्या मिशा थरथरल्या, गाल फुगले आणि तो असा खो खो हसत सुटला की मुकुट घरंगळून मांडीवर आला.

"पास! तू पास, आणि बाकीच्यांनाही परत बोलवा, आम्ही पहिल्या पानापासून नीट बघू. पण काय गं, आमचा निकाल काय?"

"काठावर पास, महाराज. बोट अजून अधूनमधून तोंडात जातं."

राजाने झटकन बोट खाली घेतलं आणि दुप्पट जोरात हसला. गळ्यातला मोत्यांचा हार काढून त्याने भागूच्या ओंजळीत टाकला.

"शाळा भागूची! आणि प्रधानजी, तुमचा भाचा पेढे घेऊन आला की पेढे इथे ठेवा आणि त्याला धाडा हिच्या वर्गात. त्याचं पहिलं पान आजच टिपलं जाऊ दे!"