पोरगी मोजेल तेवढ्या

"पण मनच लागत नाही, त्याला काय करू वस्ताद?"

दिगंबर चौगुलेनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा कुठं हिंदुराव वस्तादांनी मातीतून हात वर काढला. हातात एक खडा होता. तो त्यांनी घमेल्यात टाकला आणि हात पुन्हा मातीत घातला.

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतली ही तालीम. रविवार, संध्याकाळची वेळ. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती नुकतीच उकरली होती. मातीत कालवलेल्या ताक-हळदीचा वास सगळीकडे भरून राहिला होता. पोरं घरी गेली होती. वस्तादांनी ऐंशी कधीच ओलांडली होती, पण मातीतले खडे वेचायचं काम ते अजून दुसऱ्याला देत नसत.

दिगंबर दारातल्या पायरीवर बसला होता. शेजारी त्याची पाच वर्षांची पोरगी, कार्तिकी. धाकटं बाळ घरी आईजवळ होतं. ही मात्र पप्पा निघाले की चपला घालून आधी दारात उभी असायची.

"पहिलं किती बैठका मारायचास?" वस्तादांनी विचारलं.

"हजार." दिगंबरची मान आपोआप ताठ झाली. "पहाटे सूर्य वर यायच्या आत हजार पुऱ्या. तुम्हाला माहीत आहे की."

"मला म्हाईत हाय. तुझ्या पोटाला म्हाईत न्हाई."

दिगंबरनं शर्ट खाली ओढला. एके काळी जिल्ह्यात त्याचं नाव होतं. आता नाव तेवढं राहिलं होतं.

"आता किती? सांग की."

"सुरुवात केली की पाचशेनं करतो. दोन-तीन दिवस जमतं. मग बाळाला ताप येतो, नाहीतर फाउंड्रीत मशीन बंद पडतं. एक दिवस चुकला की राहिलंच. बायको सकाळी सहाला दवाखान्याच्या ड्यूटीवर जाते. मागं दोन पोरं, बाटली, डबा, शाळेची रिक्षा. रात्री घरी येतो तो आडवाच होतो. जिम लावून झाली, बूट आणून झाले, मोबाइलमधे ते पावलं मोजायचं पण घालून झालं."

"नव्याचे नऊ दिवस."

"नऊ तरी कुठले, वस्ताद."

एवढं तो खरं बोलला. मग आवाज खाली आणून, पोरीला ऐकू जाऊ नये असा म्हणाला, "डॉक्टरनं बीपीची गोळी लावलीय. माझा बाप गेला तेव्हा त्रेचाळीसचा होता. मी चौथीत होतो. मला आता एक्केचाळीस चालू आहे."

वस्तादांचा हात मातीत थांबला. दिगंबरचा बाप याच मातीत त्यांच्या हाताखाली वाढला होता.

पोरगी खाली वाकून मुंग्यांची रांग बघत होती. दिगंबर तिच्याकडे बघत राहिला. त्याला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. ती कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती, आणि म्हणून तो मन लागत नाही, मन लागत नाही, असं म्हणत होता.

"नाव काय गं बाळ तुझं?" वस्तादांनी विचारलं.

"कार्तिकी दिगंबर चौगुले."

"मोजता येतं?"

"येतं की." तिनं दोन्ही हात पुढं केले आणि बोटं मोजायला घेतली. दहाला बोटं संपली. अकरा तिनं नाकावर बोट ठेवून मोजले. मग थोडा विचार करून म्हणाली, "पंधरा."

"अकरापत्तर पक्कं हाय," वस्ताद म्हणाले. "दिगू, उद्यापासनं अकरा बैठका."

"अकरा?"

"पोरगी मोजंल तेवढ्या. ती एक म्हणाली की एक. ती थांबली की थांबायचं. वर एक मारायची न्हाई."

"वस्ताद, अकरानं अंगाला घाम तरी येईल का?"

"घाम मागाय आलायस का मन लावाय?"

दिगंबरनं पोरीचा हात धरला. तालमीचं दार बुटकं होतं, वाकल्याशिवाय बाहेर पडता येत नसे. तो वाकला, बाहेर आला आणि रस्ताभर घुश्शात चालला. हजार मारणाऱ्याला अकरा. दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांना सांगतात तसं.

...

दीड महिन्यानं दोघं परत आली. वेळ तीच, रविवारची संध्याकाळ. वस्ताद या वेळी मातीवर ताक शिंपडत होते.

"पोरगी मोजत नाही," दिगंबर म्हणाला.

"बस."

दिगंबर पायरीवर बसला. कार्तिकी त्याच्यापासून चार हात लांब, तालमीतल्या मारुतीच्या कट्ट्याला टेकून उभी राहिली. मागच्या वेळी ती बापाला चिकटून बसली होती. वस्तादांनी ते बघितलं.

"कवापासनं मोजत न्हाई?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी रोज मोजायची. दात घासता घासता सुद्धा. तोंडात फेस आणि वर मोजणं चालू. मी एखाद्या दिवशी विसरलो तर स्टुलावर चढून हाका मारायची. एकदा रिक्षा दारात उभी आणि ही म्हणते, पप्पा, बैठका राहिल्या. रिक्षावाला हसला. मारल्या तिथंच अकरा, अंगणात."

हे सांगताना त्याला हसू आलं होतं. ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं चेहरा सरळ केला.

"किती दिवस चाललं असं?"

"अकरा-बारा दिवस."

"मग? मग काय केलंस, दिगू?"

"काही नाही. अकरा म्हणजे एका मिनिटाचं काम, वस्ताद. म्हटलं, हिला पुढचे आकडे शिकवू. हिचंही भलं, माझंही भलं. तक्ता आणला, भिंतीला लावला. रोज बसवली."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. वस्तादांनी अकरा सांगितल्या होत्या, त्या याला वाढवायच्या होत्या. त्यासाठी त्यानं स्वतःच्या पायांना नाही, पोरीच्या जिभेला कामाला लावलं होतं.

"शिकली?"

"अठ्ठावीसपर्यंत शिकली. पुढं अडली. अठ्ठावीस झालं की नऊवीस म्हणायची. दहा वेळा सांगितलं, एकोणतीस म्हण. हिचं आपलं नऊवीस. मग मी..."

"तू काय?"

"ओरडलो थोडा."

कट्ट्याजवळून आवाज आला, "थोडा नाही."

दिगंबरनं मान खाली घातली. वस्तादांनी ताकाची बादली बाजूला ठेवली.

"त्या दिवसापासनं हिनं तोंड शिवलं," दिगंबर म्हणाला. "एक सुद्धा म्हणत नाही. म्हटलं राहू दे, आपले आपण मोजू. रविवारी बायको घरी होती. गच्चीवर गेलो आणि तीनशे मारल्या."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"शाब्बास. दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. कठड्याला धरून, आडवा होऊन उतरलो. तीन दिवस बाळाला उचलता आलं नाही. ते हात वर करून रडतंय आणि मी आपला खुर्चीत बसलोय. तेव्हापासून एक पण मारली नाही. सगळं कळतं वस्ताद, पण वळत नाही. तुम्ही हिला सांगा मोजायला. तुमचं ऐकेल."

वस्ताद कार्तिकीकडे वळले, पण मोजायला काही सांगितलं नाही. त्यांनी पायजमा गुडघ्याच्या वर खोचला. आढ्याला टांगलेला चढायचा दोर होता, तो एका हातानं धरला. आणि सावकाश, एक-एक इंच करत, ते खाली बसले.

बसले ते बसलेच.

दिगंबरला वाटलं, काही पडलंय, ते उचलायला बसले असतील. मग त्याला वस्तादांच्या मांड्या थरथरताना दिसल्या. दोरही थरथरत होता. तो उठून पुढं झाला, हात दिला.

वस्तादांनी डोळ्यांनीच त्याला मागं सारलं.

"आबा, उठा ना," कार्तिकी म्हणाली.

वस्ताद उठले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते पोरीकडे बघत होते, मागत काही नव्हते, नुसते बघत होते.

...

पोरगी कट्ट्यापासून सुटली. दोन पावलं पुढं आली. वस्तादांच्या गुडघ्यांकडे बघितलं, दोराकडे बघितलं, आणि तिला काय ते कळलं.

"एक," ती म्हणाली.

वस्ताद उठले. गुडघा कडकन वाजला. ते पुन्हा खाली बसले.

"दोन." या वेळी तिनं वेळ लावला नाही.

उठले. बसले.

"तीन."

चौथ्यांदा वस्ताद खाली गेले. एवढा मोठा पैलवान, ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं तालमीतली पोरं गप्प व्हायची, तो पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडे बघत उठत होता, बसत होता.

"चार."

"पाच," कार्तिकी म्हणाली. वस्ताद उठून उभे राहिले, तशी ती जवळ गेली आणि त्यांच्या पायजम्याला धरलं. "आता पुरे. आबा दमले."

वस्तादांनी दोर सोडला. "पुरे म्हणाली," ते म्हणाले. "पुरे."

ते पायरीवर येऊन टेकले. छाती भात्यासारखी हलत होती. कार्तिकीनं कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तांब्यात आणलं, अर्धं वाटेत सांडलं. त्यांनी ते पिऊन टाकलं.

दिगंबर उभाच होता. जे तोंडात आलं ते त्याच्या नेहमीच्या ताठ्यातूनच आलं.

"पाच," तो म्हणाला.

"पाच," वस्ताद म्हणाले.

"तुमचं ठीक आहे वस्ताद. तुमचं वय ऐंशीच्या वर. मी एक्केचाळीसचा. मी या तालमीचा पैलवान. उद्या अंगणात अकरा मारून घरात जायचं, परवा हिनं पाच म्हटलं तर पाच मारून जायचं, हे माझ्याच्यानं नाही होणार. शेजारीपाजारी बघतात. मी मारीन तर पहिल्यासारख्या मारीन, नाहीतर..."

तो तिथं थांबला, कारण वस्ताद हसले होते. ते हसणं चांगलं नव्हतं.

"नाहीतर काय?"

वस्तादांनी बसल्या जागी पायरीवर हात ठेवला. दगड मधोमध झिजला होता.

"तू झालास आनि तुझ्या बापानं तालीम सोडली," ते म्हणाले. "पोराचं करायचं, नोकरी करायची, येळ न्हाई. माझं काय म्हननं न्हवतं. पन दर दसऱ्याला मारुतीला नारळ फोडाय यायचा आनि हितं बसायचा, या पायरीवर. मी म्हनायचो, मारुती, यी रं, चार तरी मार. पोराला घेऊन यी."

दिगंबरच्या बापाचंही नाव मारुतीच होतं.

"बाप काय म्हणायचा?" दिगंबरनं विचारलं.

"म्हनायचा, वस्ताद, मारीन तर हजार. न्हाईतर एक न्हाई."

...

हौद्यातली ओली माती काळपट दिसत होती. बाहेर रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. दिगंबर पायरीकडे बघत होता, वस्तादांच्या हाताखालच्या त्या झिजलेल्या जागेकडे. त्याला बापाचा चेहरा नीट आठवत नसे. आठवायच्या त्या दोन जाड मांड्या, ज्यांच्यावर तो लहानपणी घोडा घोडा खेळायचा.

कार्तिकीनं तांब्या जागेवर ठेवला आणि ती बापासमोर येऊन उभी राहिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती आपणहून जवळ आली होती.

"पप्पा, मी मोजू?"

दिगंबरनं तिच्याकडे बघितलं. मग वस्तादांकडे.

"वस्ताद," त्यानं विचारलं, "बापानं परत सुरू केलं का मग? कधीतरी?"

"न्हाई," हिंदुराव वस्ताद म्हणाले. "शब्दाचा पक्का होता."