कणाची बैठक

एकदा एका तरुण संशोधिकेची झोप एका कणाने उडवली होती. लघुग्रहावरून यानाने आणलेला तो कण मोहरीहून लहान आणि राखेसारखा ठिसूळ होता. क्ष-किरणांसमोर गोल फिरवून तो सर्व बाजूंनी पाहायचा होता. हलला तर चित्र पुसट येणार, चुरडला तर दुसरा मिळणार नाही. त्याला धरणारी बैठक तयार करण्याचे काम तिच्याकडे होते, आणि कण दुसऱ्याच दिवशी यायचा होता.

सरावासाठी ती भाजलेल्या मातीचे कण वापरी. बैठकीवरच्या चिमट्याचा स्क्रू बेताने पिळून झाला की खात्रीसाठी आणखी थोडा पिळी, आणि कणाचे पीठ होई. स्वभावच तसा. लेकीच्या डब्याचे झाकण ती असे लावी की बालवाडीच्या बाईंनाही ते उघडत नसे. "आई म्हणून घरी नापास होतेच, आता इथेही," ती पुटपुटली.

तिचे वृद्ध गुरू हे पाहत होते. त्यांनी चिमटाच काढून ठेवला. खाली निमुळत्या होत गेलेल्या पातळ नळीत सरावाचा कण सोडला आणि नळीवर नखाने टिचकी मारली.

"सर, फुटेल तो."

"डोळे उघड आणि बघ."

कण घरंगळला, कुशीवर वळला आणि नळी अरुंद झाली तिथे टेकला. नळी यंत्रावर फिरू लागली. कण तिच्यासोबत फिरला, पण जागचा हलला नाही.

गुरू म्हणाले, "तू त्याची जागा ठरवत होतीस. त्याची त्याला सापडू दे. आपण फक्त फार लांब जाऊ द्यायचं नाही. आणि नळीची भिंत अशी पातळ हवी, की चित्रात तो दिसावा, आपण नव्हे. अगं, खरा कण तर कोट्यवधी वर्षं तुझ्यावाचून टिकलाच की."

दुसऱ्या दिवशी खऱ्या कणाचे चित्र स्वच्छ आले. आभाराचे शब्द तिला कधी जमत नसत. तिने आल्याचा चहा करून गुरूंना नेऊन दिला. त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि लेकीची चौकशी केली.

संध्याकाळी बागेत लेक घसरगुंडीची शिडी चढू लागली. एरवी तिचा दंड आईच्या मुठीत असे, आणि "दुखतंय" हे रोजचेच. आज आईने मूठ उघडली. दोन्ही तळवे लेकीच्या दोन बाजूंना, अंगाला न लावता धरले.

मधल्या पायरीवर लेक थांबली. आईच्या हातांकडे तिने नीट निरखून पाहिले आणि म्हणाली, "हात काढू नकोस हां, आई. पण लावू पण नको."